केळीच्या बागेत भरदुपारी: टेबलटॉप खेळासाठी आशियाई रक्तपिपासू पिशाच्च कसं घडवावं

नियमपुस्तकातला व्हॅम्पायर उचलून जसाच्या तसा रावेर-यावलकडच्या गावात सोडला, तर तो पहिल्याच रात्री अडखळतो. बोलावल्याशिवाय त्याला घरात पाऊल टाकता येत नाही. पण मे महिन्यात आपल्याकडे घरात झोपतं कोण? पारा ४५ अंशांकडे सरकला की सगळं गाव गच्चीवर, ओट्यावर, अंगणात बाजा टाकून पडलेलं असतं. कथा-सिनेमातल्यासारखा तो लसणाला घाबरतो म्हणावं, तर इथे लसणाशिवाय ना ठेचा होतो ना शेवभाजी. वाहतं पाणी त्याला जाळतं, आणि उन्हाळ्यात निम्म्या नद्यांच्या पात्रात नुसती वाळू असते. म्हणजे त्याच्या काही कमजोऱ्या इथे लागूच होत नाहीत आणि काही इतक्या लागू होतात की बिचाऱ्याला दिवसभर हलता येत नाही. झगा काढून त्याला धोतर नेसवलं, सरदाराऐवजी पाटील म्हटलं, तरी घोळ तसाच राहतो.

हा लेख टेबलाभोवती बसून, फासे टाकत खेळायच्या भूमिका-खेळात गोष्ट पुढे नेणाऱ्यांसाठी, म्हणजे गेम चालवणाऱ्यांसाठी आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (डी अँड डी) या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे नियम गृहीत धरले आहेत. त्यांचा मूळ संच, म्हणजे एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळतो. व्हॅम्पायर, व्हॅम्पायर स्पॉन (व्हॅम्पायरने घडवलेला दुय्यम व्हॅम्पायर), झोंबी हे सगळे त्यात आहेत, त्यामुळे पुस्तकं विकत न घेताही खाली सांगितलेलं सगळं टेबलवर आणता येईल.

पायरी पहिली: आधी नियम, मग चेहरा

चित्र काढायच्या आधी एका कार्डावर तीन ओळी लिहा. हे कशामुळे झालं? हे माणसाकडून नेमकं काय घेतं? आणि हे कशापाशी थांबतं?

युरोपातल्या व्हॅम्पायरची तिन्ही उत्तरं आपल्याला पाठ आहेत: चावा, रक्त, ऊन आणि खुंटी. आशियातल्या लोककथांत पहिलंच उत्तर वेगळं निघतं. तिथे चाव्यातून लागण होणं हा प्रकार कमी. बहुतेकदा एखादं आयुष्य अर्ध्यात तुटलेलं असतं, नाहीतर एखादं कर्तव्य कुणीतरी टाळलेलं असतं. आपलीच यादी पाहा. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला पोरगा मुंजा होतो. बाळंतपणात गेलेली बाई अळवंत होते. मालमत्तेत जीव अडकलेला समंध होतो. आर. ई. एन्थोवेन यांनी १९२४ साली मुंबई इलाख्यातल्या लोकसमजुतींचं पुस्तक प्रसिद्ध केलं, त्यातली भुतांची यादी वाचताना हे ठळक जाणवतं: कोण मेलं यापेक्षा काय राहून गेलं, यावर भुताची जात ठरते.

गेम चालवणाऱ्याला याचा थेट उपयोग आहे. असं पिशाच्च येतानाच एक अपुरं काम घेऊन येतं. खेळाडूंपुढे दोन वाटा आपोआप उघडतात: त्याला मारा, किंवा ते काम पुरं करा. ही दुसरी वाट नसेल तर तुम्ही आशियाई पिशाच्च आणलेलंच नाही, फक्त नाव आणलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या ओळीत लगेच 'रक्त' लिहू नका. श्वास, झोप, अंगातली ताकद, पोटातलं बाळ, आवाज, यांतलं काहीही असू शकतं. तिसऱ्या ओळीवर मात्र सर्वांत जास्त वेळ घालवा, कारण खेळाडू जिंकतात ते ती ओळ शोधून काढूनच. उत्तर गावातल्या रोजच्या वस्तूंत दडलेलं असावं. ती वस्तू पहिल्या सेशनपासून, म्हणजे खेळाच्या पहिल्या बैठकीपासून, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असावी आणि तिचा अर्थ तिसऱ्या सेशनला लागावा.

पायरी दुसरी: कोण निवडायचं

'आशियाई व्हॅम्पायर' असं एक काही नाही. १९९८ साली 'किंड्रेड ऑफ द ईस्ट' या खेळाने चीन, जपान, भारत सगळं एकाच साच्यात ओतलं आणि प्रत्येकाची चव त्यात गेली. एका साहसात एकच पिशाच्च घ्या आणि त्याच्या मुलखाशी इमान राखा.

चीनचा जियांगशी नव्या गटासाठी उत्तम. हे ताठरलेलं प्रेत, हात पुढे धरून उड्या मारत चालणारं. माणसाची 'ची', म्हणजे प्राणशक्ती, ते शोषतं. श्वासावरून माणूस ओळखतं, म्हणून श्वास रोखला तर त्याला तुम्ही दिसत नाही. कपाळावर मंत्र लिहिलेला पिवळा कागद चिकटवला की जागच्या जागी थांबतं. चिकट तांदूळ, आरसा, कोंबड्याचं आरवणं यांचा त्याला त्रास होतो, आणि उंच उंबरठा ओलांडता येत नाही. हुनान प्रांताच्या पश्चिमेला, परमुलखात मेलेल्या मजुरांची प्रेतं मांत्रिक चालवत घरी नेतात, अशी समजूत होती. घरापासून लांब मेलेल्या माणसाला गावी पोहोचवणं हाच या कथेचा गाभा आहे.

टेबलवर याची गंमत श्वासात आहे. पाचव्या आवृत्तीत पात्राला एक मिनिट अधिक कॉन्स्टिट्यूशन मॉडिफायरइतकी (पात्राच्या काटकपणाच्या आकड्याइतकी) मिनिटं श्वास रोखता येतो. जियांगशी खोलीत असेपर्यंत श्वास रोखलेल्या पात्राला बोलता येणार नाही, उच्चार लागणारे मंत्र टाकता येणार नाहीत, आणि खेळाडूंनाही एकमेकांशी बोलायला मनाई. खुणा करा, कागदावर लिहा. गडबड करणारा गट दहा मिनिटं गप्प बसतो आणि ती दहा मिनिटं पुढे कित्येक महिने आठवत राहते. खानदेशी वाड्याचा उंच उंबरठा इथे आयता कामाला येतो. त्याचाच तिबेटी भाऊबंद रोलांग: त्याला वाकता येत नाही, म्हणून तिकडे दारं बुटकी ठेवतात असं सांगतात. आपल्या धाब्याच्या जुन्या घरांची दारंही वाकूनच ओलांडावी लागतात. नकाशावर कुठलं दार उंच, कुठलं बुटकं, हे आधीच लिहून ठेवा.

फिलिपिन्सची मनानांगल कंबरेपासून दोन तुकडे होते. वरचा भाग वटवाघळासारखे पंख पसरून उडतो, खालचा कुठेतरी उभा राहतो. पहाटेच्या आत दोन्ही जुळले नाहीत तर ती संपते, म्हणून खालच्या भागावर मीठ किंवा राख टाकतात. हिच्याशी लढायचं असतं ते लढाईतून नव्हे, शोधातून. वरच्या भागाला व्हॅम्पायर स्पॉनचे आकडे द्या, खालच्याला चिलखतवर्ग (वार लागायला फाशावर लागणारा आकडा) १० आणि ३० हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा). गटाचे दोन भाग पडले, एक आकाशातल्या संकटाला थोपवतोय आणि दुसरा कांदाचाळीत, कडब्याच्या गंजीमागे पाय शोधतोय, तर सेशन स्वतःच धावतं.

मलायातली पेनांग्गलान म्हणजे आतड्यांसकट उडणारं मुंडकं. १९८१ पासूनच ते डी अँड डीच्या पुस्तकांत आहे. घरी परतल्यावर फुगलेली आतडी आकसावीत म्हणून ती व्हिनेगरमध्ये बुडवते, आणि लोक खिडक्यांना काटेरी पानं बांधतात, आतडी अडकावीत म्हणून. आपल्याकडे शेताच्या बांधावर बाभळीच्या काट्यांचं कुंपण असतंच. पण हिच्यात एक खोच आहे, ती पुढच्या पायरीत सांगतो.

केरळची यक्षी वाटसरूकडे विड्यासाठी चुना मागते. जिथे निम्म्या खिशांत चुन्याची डबी असते अशा मुलखात तिची पहिली भेट किती सहज घडेल! थायलंडची क्रासू, बालीचा लेयाक, जपानचं रात्री धडावेगळं होऊन फिरणारं नुकेकुबी, ही सगळी उडत्या मुंडक्याचीच नातलग. एकाचा नियम कळला की बाकीची जमतात.

वेताळ मात्र वेगळ्या पंगतीतला. तो प्रेतात राहतो आणि त्याला रक्तापेक्षा उत्तराची भूक जास्त. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागर' लिहिला, त्यात राजा झाडावरचं प्रेत खांद्यावर घेऊन निघतो. वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल. बोललास तर मी पुन्हा झाडावर. टेबलवर हे असंच चालवा. शिवारातल्या झाडापासून स्मशानापर्यंतच्या वाटेवर सहा टप्पे आखा आणि प्रत्येक टप्प्यावर एक पेच विचारा, ज्याला खरंच दोन बाजू आहेत. गटाने एकमताने उत्तर दिलं की प्रेत परत झाडावर. ते खरोखर निरुत्तर झाले, आपसात वाद मिटलाच नाही, तर एक टप्पा पुढे. भांडखोर गट इथे जिंकतो, हे पाहून मला दर वेळी आनंद होतो.

याच ग्रंथातली एक कथा आपल्या शेजारची आहे. पैठणच्या सातवाहन राजाच्या दरबारातला गुणाढ्य रानात जाऊन पैशाची भाषेत सात लाख श्लोक लिहितो, आणि शाई नसल्यामुळे स्वतःच्या रक्ताने लिहितो. राजा ते नाकारतो. मग गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत आगीत टाकतो. सहा लाख जळतात, एक लाख उरतात. पिशाच्चांच्या भाषेत, रक्तात लिहिलेली, अर्धवट जळालेली पोथी: यापेक्षा चांगली खजिन्याची वस्तू शोधत बसू नका.

पायरी तिसरी: डाकीण टेबलवर आणू नका

ही पायरी ओलांडून पुढे जाऊ नका. सातपुड्याच्या पाड्यांत 'डाकीण' ही मनोरंजनाची गोष्ट नाही. एखाद्या बाईवर तो शिक्का बसला की तिला मारहाण होते, गावाबाहेर काढलं जातं, जीवही जातो. ती बहुधा एकटी असते, विधवा असते, किंवा तिच्या नावावर थोडी जमीन असते. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला, आणि असा आरोप करून कुणाला छळणं हा त्या कायद्याने गुन्हा ठरला. तरीही हे थांबलेलं नाही. अशा वेळी 'गावातली म्हातारी खरंच डाकीण निघते' असा शेवट करणं म्हणजे आरोप करणाऱ्यांची बाजू खरी ठरवणं.

पेनांग्गलानची खोच हीच. मूळ कथांत ती पुष्कळदा सुईण असते. तशीच उचलली तर पुन्हा एका कामकरी बाईकडे बोट. फिलिपिन्सलाही हा अनुभव आहे: कॅपिझ प्रांताच्या माथी अस्वांगचा, म्हणजे तिकडच्या रक्तपिपासू पिशाच्चाचा, शिक्का बसला तो बसलाच. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या कम्युनिस्ट हुक बंडखोरांना घाबरवण्यासाठी सरकारी लष्कराच्या पथकाने आधी अस्वांगची अफवा पसरवली, मग एका बंडखोराला पकडून मानेला दोन भोकं पाडली, रक्त काढून टाकलं आणि प्रेत वाटेवर ठेवलं, असं अमेरिकी अधिकारी एडवर्ड लॅन्सडेल यांनी आपल्या आठवणींत नोंदवलं आहे. पिशाच्चाची भीती कुणाच्या तरी कामी येते, हा धागा साहसात जरूर घ्या.

म्हणून माझ्या टेबलचा नियम असा: पिशाच्चाची ओळख त्याच्या नियमांतून पटते, गावाने दाखवलेल्या बोटातून कधीच नाही. गाव ज्याच्याकडे बोट दाखवेल ते माणूस निर्दोषच असेल. हे खेळाडूंना आधी सांगू नका, पण स्वतःशी पक्कं ठरवा. पावरा, भिल्ल पात्रं आणत असाल तर त्यांना नाव, नातेवाईक, धंदा आणि स्वतःचं मत द्या; 'गूढ विद्या जाणणारा आदिवासी' हे पात्र नसलेलं बरं.

पहिल्या सेशनच्या आधी अर्धा तास बोलून घ्या. बाळंतपणातला मृत्यू, लहान मूल, जमावाची मारहाण, यांतलं काय कुणाला नको आहे? काय पडद्याआड राहिलं तर चालेल? टेबलाच्या मध्ये एक कोरं कार्ड ठेवा. कुणीही त्यावर बोट ठेवलं की तो प्रसंग तिथेच थांबवायचा, कारण विचारायचं नाही. ज्या घरात अशी घटना झाली असेल तिथला माणूस तुमच्या टेबलवर बसलेला असू शकतो.

पायरी चौथी: आकडे

नवीन प्राणी शून्यातून बांधू नका. पहिल्या-दुसऱ्या लेव्हलच्या गटासाठी जियांगशी झोंबीच्या सांगाड्यावर चढवा: चिलखतवर्ग ८, हिट पॉइंट २२, आणि शून्यावर आल्यावरही उठून उभं राहण्याची ती झोंबीची खोड. त्याला फक्त श्वासाचा नियम, कागदाचा नियम आणि उंबरठ्याचा नियम जोडा. चौथ्या-पाचव्या लेव्हलसाठी व्हॅम्पायर स्पॉन: चिलखतवर्ग १५, हिट पॉइंट ८२, दर फेरीला १० हिट पॉइंट भरून येतात. पूर्ण व्हॅम्पायर चिलखतवर्ग १६, हिट पॉइंट १४४ आणि चॅलेंज (प्राणी किती अवघड ते सांगणारा आकडा) १३ चा असतो. त्याला मोठ्या कॅम्पेनच्या, म्हणजे सलग साहसांच्या मालिकेच्या, शेवटासाठी राखून ठेवा.

बदलताना एक शिस्त पाळा. मूळ कमजोरी काढली की तिच्या जागी तेवढीच मोठी दुसरी टाकायची. आमंत्रणाचा नियम काढलात? मग अंगणात झोपलेल्या माणसाच्या बाजेभोवती राखेची रेघ असली तर त्याला हात लावता येणार नाही, असं काहीतरी द्या. नाहीतर गट विनाकारण मरतो आणि त्यांना वाटतं आपलंच चुकलं.

पायरी पाचवी: बाग हाच किल्ला

आता घरचा विषय. मलाया-इंडोनेशियातली पोंतियानाक म्हणजे बाळंतपणात मेलेली बाई. ती केळीच्या झाडात राहते असं मानतात. थायलंडमध्येही नांग तानी केळीतच राहते. केळ मुळात त्याच भागातलं पीक, आणि आज ते जळगाव जिल्ह्याची ओळख आहे. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. 'ती इथे पोहोचली कशी' असं कुणी विचारलं तर उत्तर तयार आहे: बऱ्हाणपूरहून खानदेश ओलांडून सुरतेला जाणारा व्यापारी रस्ता, आणि गुजरातच्या बंदरांतून मलाक्का, आचेपर्यंत जाणारी कापडाची जहाजं.

वाढलेली बाग ज्याने आतून पाहिली आहे त्याला हे लगेच पटेल. पानं वर एकमेकांत मिसळतात आणि भरदुपारी आत हिरवट अंधार असतो. नियमाच्या भाषेत तिथे थेट सूर्यप्रकाश नाही. म्हणजे बाहेर रणरणतं ऊन असताना पिशाच्च बागेत मोकळं फिरू शकतं, आणि गाव ज्या वेळेला सुरक्षित समजतं त्याच वेळी मजूर आत काम करत असतात. दुपार ही धोक्याची वेळ करा. नुसत्या एवढ्या बदलाने सगळी भीती उलटीपालटी होते.

नकाशा तर शेतकऱ्याने आखूनच ठेवला आहे. केळी साधारण पाच बाय पाच फुटांवर लावतात, आणि या खेळात नकाशाचा चौकोनही पाच फुटांचाच! गणिताची चौकटीची वही घ्या; प्रत्येक चौकोनात एक खोड. खोडामागे असलेल्याला अर्धा आडोसा, म्हणजे चिलखतवर्गाला अधिक दोन. तीन चौकोनांपलीकडचं स्पष्ट दिसत नाही, असं मी धरतो. धनुष्यबाणवाला वैतागतो, पण लगेच झाडावर चढायला, पानं कापायला, हाका मारून दिशा सांगायला शिकतो.

काळ मी मुद्दाम धूसर ठेवतो: बैलगाड्या, कंदील, पाटाचं पाणी. कारण पाट. स्पॉनने आपली खेळी वाहत्या पाण्यात संपवली तर त्याला २० नुकसान होतं. रात्रीच्या पाळीला पाटात पाणी सोडलं की बागेतून एक रेघ उमटते जी ती ओलांडू शकते, पण तिथे थांबू शकत नाही. पाळी कुणाची आहे, दारं कोण फोडणार, यावर गावात बोलणी करावी लागतील. साहस आजच्या काळात ठेवलंत तर ठिबकमुळे ही सोय जाते. ठिबकच्या थेंबाला मी वाहतं पाणी धरत नाही.

पायरी सहावी: तीन सेशनचं साहस

गावाला खरं नाव देऊ नका. तापीकाठचं एक गाव, एवढं पुरे.

घडलेलं असं. कापणीच्या हंगामात सातपुड्यातून एक टोळी कामाला आली. त्यातली एक गरोदर बाई रात्री बागेत अडली. गाडी मागितली, तर घड सकाळी बाजारात पोहोचायलाच हवेत म्हणून मुकादमाने दिली नाही. ती गेली. मुकादम, गाडीवान आणि दोन हमालांनी तिला बागेतच पुरलं आणि वहीतून तिचं नाव खोडलं. बाळ जगलं. गावाबाहेर एकटी राहणारी म्हातारी ते लपवून वाढवते आहे. तिला भीती आहे की बाळ सापडलं तर तेही नाहीसं करतील.

पहिल्या सेशनमध्ये दोन्ही हमाल एकामागोमाग बागेत पांढरेफटक सापडतात, अंगात रक्त नाही. पहिल्या निष्कर्षापर्यंत, म्हणजे 'मरणारे सगळे त्या रात्री एकत्र कामावर होते', पोहोचायला तीन वाटा ठेवा, कारण खेळाडू दोन हमखास चुकवतात. हिशेबाच्या वहीत त्या रात्रीची पाच जणांची मजुरी आणि चारच नावं. मेलेल्यांच्या सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग, सगळ्यांच्या उजव्या खांद्यावर, ओझं एकत्र वाहिल्यासारखे. आणि गाडीवान, जो दारू प्यायला की एकच वाक्य म्हणतो: "गाडी व्हती, रे."

गावकरी पिशाच्चाचं नाव कधी घेणार नाहीत. ते म्हणतील 'बाहेरचं आहे', 'तिकडचं', 'ती'. नावाशिवायची भीती जास्त टिकते. अहिराणी येत असेल तर गावकऱ्यांना अहिराणीतच बोलू द्या, रात्री बांधावरून आलेली "कोन शे रे?" ही साधी हाकही टेबलावरच्या सगळ्यांना गप्प करते. येत नसेल तर नक्कल करू नका, साध्या बोलीत बोला.

दुसऱ्या सेशनला तिचा आवाज आणा. पोंतियानाकबद्दल मलायात सांगतात की तिचं रडणं मोठ्याने ऐकू आलं तर ती लांब आहे, आणि हळू ऐकू आलं तर जवळ. गेम चालवणाऱ्यासाठी ही देणगीच आहे, कारण हत्यार तुमच्या गळ्यात आहे. ती दूर असताना वर्णन नेहमीच्या चढ्या आवाजात करा. जवळ येईल तसा आवाज उतरवत न्या. काहीही समजावून सांगू नका. खेळाडू पुढे झुकून ऐकायला लागतात, आणि ज्या क्षणी कुणाच्या तरी लक्षात येतं की तुम्ही कुजबुजायला लागलात म्हणजे काय, त्या क्षणी सगळं टेबल मागे सरकतं. सोबत वास: आधी चाफ्याचा, मग कुजक्या केळीचा.

याच सेशनपासून कागदावर सहा चौकोन काढून सर्वांना दिसतील असे ठेवा. हे गावाचं घड्याळ. दर रात्री एक चौकोन भरा. खेळाडूंपैकी कुणी चावडीवर 'भूत', 'चेटूक', 'करणी' असा शब्द मोठ्याने उच्चारला तरी एक भरा. तिसऱ्याला म्हातारीच्या दारावर दगड पडतो, पाचव्याला भगताला बोलावणं जातं, सहाव्याला जमाव निघतो. तिच्या घरातून रात्री बाळाचं रडणं येतं, एवढा पुरावा गावाला पुरतो. आणि तिच्या अर्ध्या एकरावर कुणाचा डोळा आहे ते तलाठ्याकडे विचारलं तर कळतं. तो माणूस मुकादमच असू द्या.

जमावाशी लढाई करू देऊ नका. तलवार उपसली तर गावातली ओळखीची माणसं मरतील, हे स्पष्ट सांगा. समजावणं, लाजवणं, वेळ काढणं, वही चावडीवर उघडून वाचणं, यांना फासे टाकायला लावा.

तिसरं सेशन बागेत. तिची जागा कशी ओळखायची? केळ एकदाच व्यालं की ते खोड कापून टाकतात आणि शेजारची पिलं पुढची बाग धरतात. बागेच्या मधोमध एकच जुनं खोड न कापलेलं आहे, वाळक्या पानांसकट उभं. त्याच्या अंगाला विळा लावायला कुणी धजावलेलं नाही. गटाने पहिल्या दिवशीच ते पाहिलेलं असावं.

आता तीन वाटा. पहिली: पानं आणि खोडं तोडून ऊन आत आणायचं. काम होतं, उन्हात तिला दर फेरीला २० नुकसान होतं आणि भरून येणं बंद. पण साधारण वर्षभराचं पीक आडवं होतं, आणि बाग ज्याची आहे तो शेतकरी या पापात नव्हताच. हे नुकसान कोण भरणार, असं त्याने विचारू द्या.

दुसरी: पोंतियानाकच्या मानेत खिळा ठोकला की ती साधी बाई होऊन राहते, असं मूळ कथेत आहे. मुकादम हा खिळा गटाच्या हातात देतो. झटपट, खात्रीचा उपाय. चालू द्या. मात्र खिळा ठोकल्यावर ती गप्प, आज्ञाधारक होऊन मुकादमाच्या मागे निघाली, हे वर्णन पूर्ण करा आणि सेशन तिथेच थांबवा. पुढचं काय ते गट पुढच्या आठवड्यात स्वतःहून बोलेल.

तिसरी: तिचं नाव शोधायचं, टोळीतल्या तिच्या माणसांना पाड्यावरून बोलावून आणायचं, बाळ तिच्यासमोर आणायचं. नाव वहीत खोडलेलं आहे, पण कागद उजेडाकडे धरला तर वाचता येतं. अंत्यविधी तिच्या माणसांच्या रीतीने, त्यांच्याच हातून होऊ द्या. तो कसा, हे तुम्ही ठरवू नका आणि वर्णनही तोकडं ठेवा. बाळ घेऊन बागेत शिरणाऱ्या पात्राला विस्डम सेव्ह, म्हणजे मनोबलाचा बचावाचा फासा, टाकायला लावा, डीसी १४ (किमान एवढं पडायला हवं). तिच्या शक्तीविरुद्ध नव्हे, त्याच्याच थरथरत्या हातापायांवर ताबा राखण्यासाठी. सेव्ह हुकला तरी पात्र पळत नाही, फक्त बाळ दुसऱ्याच्या हातात द्यावं लागतं. गटातला प्रत्येक जण एकेक करून हुकला, तर बाळ घ्यायला म्हातारी पुढे येते. हा प्रसंग मी कधी वगळत नाही.

चॅलेंज ५ चे १,८०० एक्सपी (अनुभवाचे गुण) तिन्ही वाटांना सारखेच द्या. न लढता सुटका केली म्हणून कमी करू नका. म्हातारी आणि बाळ पुढच्या कॅम्पेनमध्ये परत येतील अशी सोय ठेवा. मुकादमाचा निवाडा गावाच्या पंचांसमोर लावा, पंचांची पात्रं खेळाडूंनाच वाटून द्या, आणि त्या दिवशी फासे डब्यातच राहू द्या.